कुंपणाचे पैसे खड्ड्यात

दीड वर्षापूर्वी घराच्या आवाराला लोखंडी जाळीच्या पॅनलचं कुंपण बसवून घेतलं. तेव्हाच त्यावर लिहिणार होते, कारण नवंकोरं कुंपण फार देखणं दिसत होतं. बरं झालं, राहून गेलं. तेव्हा लिहिलं असतं तर रंगाचं, चकाकीचं आणि चार दिवसांत काम उरकणाऱ्या माणसांचं कौतुक करून मोकळी झाले असते. आता दोन पावसाळे, एक वादळी रात्र आणि माझा स्वतःचा एक गाढवपणा, एवढं सगळं त्या कुंपणाने सोसलंय.

गुण आधीच देऊन टाकते. पॅनलला पाचपैकी साडेचार. बसवणाऱ्यांना अडीच, आणि त्यातला अर्धा त्यांच्यातल्या धाकट्या पोराचा. का, ते पुढे येईलच.

मी शिवणकाम करते. लोखंडातलं मला काही कळत नव्हतं, पण टेप चोवीस तास गळ्यात असते आणि कुणी माप सांगितलं की ते पुन्हा मोजून बघायची खोड आहे. या खोडीचा उपयोग झाला. जिथे मोजायचं विसरले तिथेच नेमकी फसले.

आवार असं: मागची बाजू २० मीटर, दोन्ही कडा १५ मीटर. पुढे जुनी भिंत आहे, ती ठेवली. म्हणजे तीन बाजूंना कुंपण आणि डाव्या कडेच्या टोकाला माणूस जाईल एवढं फाटक. पूर्वी तिथे काटेरी तार होती. तिच्यात कुत्री अडकायची आणि मीही.

पहिल्यांदा मन पत्र्याच्या पॅनलवर गेलं होतं. नालीदार पत्रा, आरपार काही दिसत नाही, अंगणात बसलं तरी रस्त्यावरच्यांच्या नजरा नकोत. धाकटी बहीण इमारतींची गणितं करते, तिला फोन केला. तिने विचारलं, "ताई, वारा किती असतो तिकडे?" मी म्हटलं, असतो आपला वाऱ्यासारखा. तर तिने हिशेब घातला. अडीच मीटर रुंद, दीड मीटर उंच पत्रा म्हणजे पावणेचार चौरस मीटर. वादळात वारा सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर झाला, तर दर चौरस मीटरवर साधारण ५५ किलोचा रेटा. एका पॅनलवर दोनशे किलोंच्या वर. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. "तीन धडधाकट माणसं एका खांबाला खांदा लावून ढकलतायत असं समज," ती म्हणाली. पत्रा लावायचा तर खांब जाड हवेत, खड्डे खोल हवेत, सगळा खर्च वेगळा. जाळीला हा त्रास कमी. माझ्या पॅनलची घरं ५ सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटर आणि तार ४ मिलिमीटरची आहे. तारांनी अडवलेली जागा जेमतेम दहावा हिस्सा भरते, बाकी वारा निघून जातो. हे गणित लक्षात ठेवा. मी विसरले होते.

जाळी घ्यायची ठरल्यावर दोन ठिकाणचे नमुने घरी आणले. दोन्ही हिरवे, दोन्ही गुळगुळीत, लांबून जुळी भावंडं. एकावर तारेचा गेज १० लिहिलेला, दुसऱ्यावर मिलिमीटर. इथे शिवणकामवाल्यांना एक सोपी खूण सांगते. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते, धाग्याचा नंबर वाढला की धागा बारीक होतो. तारेचा गेज धाग्याच्या जातीचा. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ गेज म्हणजे चार. फरक पाऊण मिलिमीटरचा, हाताला कळतसुद्धा नाही. पण तार वाकवायची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. त्यामुळे चारची तार सव्वातीनच्या तारेपेक्षा सव्वादोन पट जास्त ताठ. मी दोन्ही नमुने पायरीवर आडवे टेकवून मध्ये पाय दिला. एक वाकून तसाच राहिला. निकाल लागला.

पॅनलला आडव्या घड्या असतात, व्ही आकाराच्या. मला त्या नुसती नक्षी वाटल्या होत्या. पण कापडाला चुण्या घातल्या की ते जसं उभं राहायला लागतं, तसंच हे. सपाट जाळी हाताने ढकलली की ढोलकीसारखी आत जाते, घडीची जात नाही. दीड मीटर उंचीला माझ्याकडे तीन घड्या आहेत. दीड वर्षात एकाही पॅनलचं पोट सुटलेलं नाही, आणि शेजारच्या मुलांचा चेंडू दिवसातून दहा वेळा तरी आदळतो.

रंगाबद्दल एक समजून घेण्यासारखी गोष्ट. रंग हा वरचा सदरा. खरा बचाव त्याच्या आत असतो, जस्ताच्या थरात. जस्त नुसतं लोखंडाला झाकत नाही, ओरखडा पडला तर आधी स्वतः झिजतं आणि शेजारच्या लोखंडाला वाचवतं. म्हणून विचारायचा प्रश्न "पावडर कोटिंग आहे का" हा नाही. पावडर कोटिंग सगळेच करतात. विचारायचं ते, "खाली जस्त आहे का, आणि ते वेल्डिंगच्या आधी चढवलंय की नंतर?" आधी चढवलेलं असेल तर वेल्डच्या ठिपक्यावर ते जळून गेलेलं असतं आणि गंज नेमका तिथून डोकावतो. तयार पॅनल वितळलेल्या जस्तात बुडवून काढला असेल तर सांधेही झाकले जातात. मी नाकारलेला नमुना गंमत म्हणून मागच्या नळाजवळ टाकून ठेवला होता. आठ महिन्यांत त्याच्या प्रत्येक सांध्यावर तांबूस टिकली आली. माझ्या कुंपणावर अशी टिकली एकाही सांध्यावर नाही. काही डाग आले होते, पण ते आपण होऊन आलेले नव्हते, आणले गेले होते. त्याकडे येते.

रंग मी गडद करडा घेतला, आरएएल ७०१६. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. धाग्याच्या रिळावरचा नंबर जपतो तसाच. पुढे कधी ओरखडा बुजवायचा झाला तर "करडा द्या" म्हणून चालत नाही, करड्याच्या पन्नास तऱ्हा असतात.

आता मापाची गोष्ट. मोजायला आलेल्या गृहस्थांनी मागची बाजू २० मीटर भरली, कॅल्क्युलेटर काढला, वीस भागिले अडीच, आठ पॅनल. मी म्हटलं, "दादा, आणि माया?" ते बघतच राहिले. शिवणीत जो भाग दोन्हीकडून आत जातो त्याला आम्ही माया म्हणतो. तो धरला नाही तर झगा अंगात जात नाही. इथे उलटं होतं. पॅनल अडीच मीटरचा, पण दोन पॅनलांच्या मध्ये ४ सेंटिमीटरचा खांब उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना, पॅनल खांबाला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पसाठी, थोडी फट लागते. माझ्या कुंपणात एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत २ मीटर ५६ सेंटिमीटर भरतं. सात पॅनल लागले की १७ मीटर ९२ झाले. आठव्याला जागा उरते दोन मीटरची, म्हणजे त्यातला अर्धा मीटर कापावा लागणार. हे आधी कळलं तर कापलेला पॅनल कुठल्या कोपऱ्यात लपवायचा ते आपण ठरवतो. नाहीतर तो अगदी दारासमोर येतो. माझा मागच्या उजव्या कोपऱ्यात, झाडाआड आहे. या एका गोष्टीचा मला अजून अभिमान वाटतो.

ती फट मात्र बुजवायची नसते. लोखंड उन्हात वाढतं. अडीच मीटरचा पॅनल थंडीतल्या पहाटेपासून कडक दुपारपर्यंत मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर लांब होतो. एकट्याचं काही नाही, पण आठ जणांनी मिळून एकाच दिशेला रेटलं तर सेंटिमीटरभर सरकतात. क्लॅम्पची भोकं लांबट असतात ती त्यासाठी. खूप दिवस मला वाटायचं की भोक चुकून ओघळलंय.

हद्दीवरून पहिला खटका उडाला. खांबाचं काँक्रीट ३० सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे ते शेजाऱ्याच्या जमिनीत जाऊ नये म्हणून खांब हद्दीपासून १५ सेंटिमीटर आत हवा. बरोबर आहे. सकाळी दोरी बांधली गेली तेव्हा मी एका गिऱ्हाईकाचं ब्लाउज देत होते. येऊन मोजते तर दोरी ३० सेंटिमीटर आत. "काकू, उगाच भांडण नको शेजाऱ्यांशी." अहो, पण भांडण नाहीच आहे आमचं! २० मीटर गुणिले १५ सेंटिमीटर, तीन चौरस मीटर जमीन विनाकारण बाहेर गेली असती. माझं शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि मी, आम्ही तिघं मावतो तेवढी जागा. कुंपणच शेत खातं म्हणतात ते आजवर म्हण म्हणून ऐकलं होतं, त्या दिवशी टेपने मोजून पाहिलं. दोरी सोडून पुन्हा बांधायला लावली. कोपऱ्याचा काटकोन बघायला त्यांनी तीन-चार-पाचचा हिशेब केला: एका बाजूवर तीन मीटर, दुसरीवर चार, आणि तिरकं बरोबर पाच भरलं की कोपरा काटकोनात. हे काम मात्र त्यांनी सुरेख केलं.

उजवी कड उताराची आहे, १५ मीटरमध्ये ४० सेंटिमीटर उतार. असले ताठ पॅनल जमिनीबरोबर तिरके होत नाहीत, पायऱ्या पाडाव्या लागतात. सहा पॅनल, पाच पायऱ्या, प्रत्येक आठ सेंटिमीटरची. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून केलं. वरून बघायला छान, पण प्रत्येक पॅनलखाली तिकोनी फट राहिली. दुसऱ्याच दिवशी आमची चिंगी त्यातल्या सर्वांत मोठ्या फटीतून बाहेर पडून रस्त्यावर बसली आणि आपल्याच घरावर भुंकत होती. त्या फटी मी स्वतः दगड रचून बुजवल्या. दर सांगताना हे कुणी सांगत नाही. उताराचं आवार असेल तर खालच्या फटींचं काय करणार, हे आधी विचारून घ्या.

पॅनलच्या एका कडेला तारांची टोकं तीन सेंटिमीटर बाहेर येतात, दुसरी कड साफ असते. पॅनल कसाही लावता येतो, टोकं वर किंवा खाली. विचारलं नाही तर टोकं वर लागतात. माझी लागली. दीड मीटरचं कुंपण म्हणजे माणसाच्या हनुवटीच्या, मोठ्या होत आलेल्या पोरांच्या डोळ्यांच्या जवळची उंची. पहिले दोन पॅनल लागले, मी शेजारणीला वाटी द्यायला हात वरून नेला आणि बाही कोपरापर्यंत उसवली. माझीच बाही! ते दोन्ही उतरवून उलटे केले, बाकीचे तसेच लावायला सांगितले. खालची टोकं जमिनीजवळ असली की उकरून आत शिरणाऱ्या जनावरालाही आवडत नाहीत.

कापाकापीबद्दल. आठवा पॅनल त्यांनी ग्राइंडरने कापला, आणि तोही भिंतीला टेकवून ठेवलेल्या इतर पॅनलांच्या शेजारी. ठिणग्या उडाल्या, दिवाळीसारखं दिसलं, कुणाला काही वाटलं नाही. ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. तो रंगात रुतून बसतो आणि पहिल्या पावसात त्याचा गंज होतो. महिन्याभरात दोन पॅनलांच्या अंगावर तपकिरी वांग उठले. पॅनल वाईट नव्हता, त्याच्यावर शिंतोडे उडवले होते. चार मिलिमीटरची तार लांब दांड्याच्या कटरनेसुद्धा तुटते, ठिणगी उडत नाही. कापलेली टोकं तर उघडीच सोडली होती. मी जस्ताच्या रंगाची छोटी बाटली आणून एकेका टोकाला लावली, वर ७०१६ चा हात फिरवला. रफूच म्हणायचं. जवळून कळतं, लांबून नाही.

मुख्य गोष्ट खड्ड्यांची. तीन बाजूंना मिळून एकवीस खांब, प्रत्येकाला ६० सेंटिमीटर खोल, ३० सेंटिमीटर व्यासाचा खड्डा. एका खड्ड्यात साधारण ४२ लिटर काँक्रीट बसतं, वजनाने शंभर किलो. एकवीसचे मिळून दोन टनांच्या वर. कॅटलॉगमध्ये यातलं काहीच दिसत नाही. त्यात करडी जाळी दिसते, हिरवळ दिसते आणि एक हसरं कुटुंब दिसतं. पण कुंपण उभं राहतं ते या पुरलेल्या दोन टनांवर.

पहिले आठ-दहा खड्डे मी समोर उभी राहून बघितले. एका काठीवर ६० सेंटिमीटरवर लाल दोरा गुंडाळला होता, प्रत्येक खड्ड्यात ती उतरवून बघायची. मोठ्या मिस्त्रींना ते आवडत नव्हतं. "काकू, शेकड्यांनी कुंपणं उभी केली, एक पडलं नाही आजवर." मी म्हटलं, "पडलेलं तुम्हाला कळवायला कोण येणार, दादा?" धाकटा हसला, मोठे हसले नाहीत. दुपारनंतर लग्नाच्या तीन ब्लाउजांची घाई आली आणि मी आत गेले.

संध्याकाळी सगळे खांब उभे. ओळंबा लावून बघितला, सरळ. काँक्रीटचा माथा मात्र जमिनीपेक्षा खाली, वाटीसारखा. तिथे पाणी साचतं, माती खांबाला चिकटून राहते आणि ओल व हवा दोन्ही मिळाल्यावर खांब नेमका जमिनीच्या रेषेवर कुजतो. ते मी दुसऱ्या दिवशी उतरता माथा करून घेतलं, खांबापासून बाहेर पाणी वाहील असं. त्याच दिवशी त्यांना पॅनल चढवायचे होते. मी अडून बसले. काँक्रीट हाताला कडक लागतं ते दिसायला, आठवड्यात त्याची साधारण दोन तृतीयांश ताकद येते आणि पुरी यायला २८ दिवस धरतात. सात दिवस मागितले, दोन मिळाले. तेवढ्यावर समझोता झाला.

निघताना त्यांनी उरलंसुरलं गोळा केलं. त्यात खांबाच्या नळीचे तीन तुकडे होते, प्रत्येक वीतभराहून थोडा मोठा. आमच्या धंद्यात कातरण बघून कळतं की कापड कुठे गेलं. एखाद्या शिकाऊ मुलीने मला तीन सारख्या चिंध्या दाखवल्या असत्या तर मी लगेच विचारलं असतं, या कशातून निघाल्या? पण लोखंड म्हणून डोकं चाललं नाही. उलट एक तुकडा मागून घेतला, कापड कापताना वजन म्हणून ठेवायला. छान जड आहे.

पुढचे सात महिने काही झालं नाही. सरडे आले, वेल चढायला लागला, दोन खांबांच्या टोप्या पहिल्याच महिन्यात उडाल्या आणि रात्री वारा सुटला की ते दोन खांब बासरीसारखे वाजायचे. टोप्या पुन्हा आणून बसवल्या, आवाज बंद. टोपी नुसती शोभेची नसते, पाणी पोकळ खांबात उतरू नये म्हणून असते. तेवढ्या जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात.

आणि मग माझा गाढवपणा. रस्त्यावरच्यांच्या नजरा काही कमी झाल्या नव्हत्या. घरी हिरवी शेडनेट पडली होती. मी ती मापाने कापली, चारी कडांना दुहेरी पट्टी मारली, हातभर अंतरावर रिंगा ठोकल्या आणि मागच्या चार पॅनलांवर ताणून बांधली. शिवण इतकी नीट की येणारा-जाणारा विचारायचा, कुठून आणलं. बहिणीला फोटोही पाठवला. तिने तासाभराने एवढंच लिहिलं, "हे शीड शिवलंस."

वारा जायला ठेवलेली जागा मी स्वतःच्या हाताने शिवून बंद केली होती. दीड महिन्याने वादळ आलं. रात्री दोनच्या सुमाराला फडफड ऐकू आली, बाहेर जायची हिंमत झाली नाही. सकाळी बघते तर कापड शाबूत, एक टाका उसवला नव्हता, आणि दोन खांब बाहेरच्या बाजूला कलले होते. कमी शिवलं असतं तर फाटून सुटलं असतं. पॅनलला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मी ताबडतोब दोष स्वतःच्या माथी घेतला. पण चार पॅनल म्हणजे पाच खांब, मग कललेत फक्त दोनच कसे? दोघांचा माथा उकरून काठी खुपसली. लाल दोऱ्याच्या खूप वर काठी थांबली. काँक्रीट ३५ सेंटिमीटरवर संपलं होतं, खाली कातळ. खड्डा गाजरासारखा वर रुंद, खाली निमुळता. खांब मावेना म्हणून बुडातून २५ सेंटिमीटर कापून बसवला होता. घरात गेले, टेबलावरचं वजन उचललं आणि टेप लावली. २५.

माझ्या कापडाने त्यांचा खड्डा उघडा पाडला. कापड लावलं नसतं तर कदाचित दहा वर्षं कळलं नसतं, हेही खरं. पण तुकडे तीन होते, कलले होते दोन. मग मी एकवीसच्या एकवीस खांबांना खांदा लावून बघितलं. उजव्या कडेला, झाडाच्या मुळाजवळचा एक हलला. तिसरा सापडला.

फोन केला. पहिल्यांदा, "वादळाला आम्ही काय करणार." दुसऱ्यांदा, "नेट तुम्ही लावली ना." तिसऱ्यांदा मी काहीच न बोलता तुकड्याचा फोटो टेपसकट पाठवला. दोन दिवसांनी माणसं आली. मोठे मिस्त्री गप्प होते. कातळासाठी ब्रेकर मशीन आणली होती, म्हणजे ती त्यांच्याकडे पहिल्यापासून असावी. जुने तिन्ही खांब उपटले, दोन खड्डे ब्रेकरने कातळात ६० पर्यंत नेले, मुळाजवळचा खांब थोडा सरकवला आणि तिथला पॅनल कापला, या वेळी कटरने. पैसे घेतले नाहीत. क्लॅम्पचे नट मात्र ग्राइंडरने उडवावे लागले, कारण ते घट्ट केले की त्यांचं डोकं तुटून पडतं आणि पान्याला धरायला काही उरत नाही. चोरासाठी चांगलं, दुरुस्तीसाठी डोकेदुखी. निदान या वेळी शेजारचे पॅनल ओल्या गोणपाटाने झाकले होते. ते धाकट्या पोराला सुचलं. जाताना त्याने ते तपकिरी वांगही रबिंग पेस्टने घासून काढून दिले, कुणी सांगितलं नव्हतं. अर्धा गुण तो.

नव्या तिन्ही खांबांना मी आठ दिवस हात लावू दिला नाही. पॅनल तोवर भिंतीला टेकवलेले, चिंगी साखळीला, आणि तिची रात्रभर तक्रार.

फाटकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याचे खांब जाड, ८ बाय ८ सेंटिमीटरचे आहेत, तरी वर्षात कडी कोयंड्यापेक्षा बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खाली आली. बिजागरीला फिरवता येणारा बोल्ट आहे, पान्याने दोन वेढे दिले की फाटक वर उचललं जातं. बिजागरी अशीच मागून घ्या. वेल्ड करून टाकलेली असती तर दर वेळी माणूस बोलवावा लागला असता.

देखभाल म्हणाल तर वर्षातून दोनदा साबणाच्या पाण्याने फडकं, तारेचा ब्रश अजिबात नाही, आणि खांबाच्या बुडाशी माती चढली असेल तर ती ओढून काढायची. वेल मी एकाच पॅनलपुरता ठेवलाय. पानं दाट झाली की तीही वारा अडवतात, हे आता मला कुणी शिकवायला नको.

हेच पॅनल पुन्हा घेईन का? डोळे झाकून. हीच माणसं पुन्हा बोलवीन का? बोलवीन, पण ब्लाउजांची घाई नसलेल्या आठवड्यात. खुर्ची टाकून खड्ड्यांपाशी बसेन आणि काँक्रीट पडण्याआधी प्रत्येक खड्ड्यात काठी घालीन. नळीचा एक जरी तुकडा कापला गेला तर तो कुठल्या खांबाचा, हे तिथेच विचारीन.

शेडनेटचं मी चिंगीच्या घरावर छत केलं आणि उरलेल्याच्या बाजाराच्या पिशव्या. लाल दोऱ्याची काठी सध्या माझ्याकडे नाही. पलीकडच्या काकांच्या आवारात कालपासून खोदकाम चाललंय, ते सकाळी येऊन घेऊन गेले.